सेन्सर चार उत्तर देत नाही

या सदरातले अनुभव मी दुपारी डबा खाता खाता वाचते. ओसाड विहीर, चिंचेचं झाड, रस्त्यात हात दाखवणारी बाई... वाचून झालं की डबा धुते आणि कामाला लागते. अंगावर काटा वगैरे कधी आलेला नाही. माझा धंदाच असा आहे, की जी गोष्ट दुसऱ्यांदा करून दाखवता येत नाही, ती झालीच असं आम्ही धरत नाही. कोणी म्हणालं, "मॅडम, प्रोग्राम बंद पडला होता, आता चालतो," तर मी विचारते, पुन्हा बंद पाडून दाखवा.

आणि आता माझ्याकडेच एक अशी गोष्ट आहे, जी मला पुन्हा करून दाखवता येत नाही. म्हणून लिहिते आहे.

मी निर्मला. आमचा बंजारा तांडा केळापूर तालुक्यातला, राहते वणीला. काही वर्षं पुण्यात नोकरी केली, मग परत आले आणि रंजना आत्राम नावाच्या मैत्रिणीबरोबर स्वतःचं काम सुरू केलं. एका कृषी केंद्राच्या वर दोन खोल्या आहेत. खाली रस्त्यावरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. सकाळी टेबलं पुसलेलं फडकं दुपारपर्यंत काळं होतं. पुण्यातले जुने सहकारी विचारायचे, "वणीत बसून सॉफ्टवेअर? कोणासाठी?" मी सांगायचे, ज्यांच्यासाठी पुण्यात बसून कोणी करत नाही, त्यांच्यासाठी.

आम्ही जिनिंगसाठी सॉफ्टवेअर करतो. जिनिंग म्हणजे जिथे कापसातून सरकी वेगळी काढतात ती मिल. आमच्या सॉफ्टवेअरचे चार भाग आहेत, आणि नावंही आम्ही साधीच ठेवलीत — काटा, गेट, बिल आणि आग. काटा गाडीचं वजन घेतो, गेट गाड्यांची रांग सांभाळतो, बिल म्हणजे बिल. आणि आग हा भाग शेडमधल्या सेन्सरांवर नजर ठेवतो. कापूस पेटला की लगेच ज्वाळा दिसत नाही. गंजीच्या पोटात तो तासन्‌तास धुमसतो, आणि बाहेरून पाहावं तर पांढराशुभ्र.

हे चार भाग म्हणजे चार वेगळे प्रोजेक्ट. प्रत्येकाची स्वतःची बिल्ड आहे. म्हणजे कोड गोळा करायचा, तपासायचा आणि मिलमध्ये बसवता येईल असा प्रोग्राम तयार करायचा. पूर्वी ही चारही कामं आम्ही हातानं, एकामागून एक करायचो. मग रंजनानं एक पेरेंट बिल्ड लिहिली. ती एकटी चालवायची. ती एकेका भागाच्या फोल्डरमध्ये जाते, त्याची बिल्ड चालवते, ती नीट झाली तरच पुढच्याकडे वळते. कुठे एक जरी बिघडली तर तिथेच थांबते. चारही झाल्याशिवाय ती हातात काही देतच नाही. ऑफिसात आम्ही तिला 'माय' म्हणतो. मी आजवर बऱ्याच मोठ्या टीमच्या पेरेंट बिल्ड पाहिल्यात, पण इतकी स्वच्छ पाहिलेली नाही. मैत्रीण आहे म्हणून म्हणत नाही... बरं, थोडं म्हणूनही म्हणते.

गोष्ट कापसाच्या हंगामाच्या तोंडावरची. वणीच्या बाहेरच्या एका मिलमध्ये दुसऱ्या दिवशी खरेदीचा मुहूर्त होता. शेठजींना काट्यात एक बदल हवा होता, तो आम्ही करून दिला होता. आग या भागाला तर कित्येक आठवड्यांत कोणी हातही लावला नव्हता. सकाळचं काम आवरून रंजनानं माय चालवली. काटा झाला, गेट झालं, बिल झालं. आगीवर येऊन ती थांबली. पडद्यावर लाल ओळ होती:

'सेन्सर ४ उत्तर देत नाही.'

मी आधी वैतागले, मग ओळ पुन्हा वाचली. आमच्या तपासणीत सेन्सर खरे नसतात. कॉम्प्युटरमध्येच तीन खोटे सेन्सर बनवलेले असतात आणि प्रोग्राम त्यांच्याशी बोलतो. कारण त्या मिलमध्ये आम्ही लावले होते तीनच. एक, दोन, तीन. चार नंबर नव्हताच.

"कोणी चार टाकला काय?" मी विचारलं.

"मी तं नाई टाकला," रंजना म्हणाली. "तू?"

आम्ही दोघींनी सगळा कोड शोधला. चार कुठेच नाही. मग मी आगीची बिल्ड एकटीच, मायशिवाय चालवून पाहिली. व्यवस्थित झाली, सगळं हिरवं. मायमधून चालवली — लाल. सेन्सर ४ उत्तर देत नाही. पुन्हा एकटी — हिरवी. मायमधून — लाल.

हा प्रकार आमच्या धंद्यात अगदीच नवा नाही. पेरेंट कधी कधी आपली एखादी सेटिंग पोराच्या हातात देते आणि पोराचं बिनसतं. म्हणून माय आगीला नेमकं काय काय देते ते सगळं आम्ही पडद्यावर छापून घेतलं. काहीच देत नव्हती. फक्त "चाल" म्हणत होती. फोल्डर पुसून कोड नव्यानं उतरवला. मशीन बंद करून चालू केलं. ओळ तीच.

तेवढ्यात शेठजींचा फोन आला.

"मॅडम, किधर तक आलं? सकाळी गाड्या लागतील गेटवर."

"करून राह्यलो शेठजी. एक अडचण आली आहे."

"काट्यात?"

"नाही, काटा तयार आहे."

"मग काटा द्या ना पाठवून. बाकीचं मागून द्या."

त्यांचं चूक नव्हतं. आणि ते अवघडही नव्हतं. पेरेंट बिल्डला एका ओळीत सांगता येतं, की एखादं पोर नापास झालं तरी तू पुढे चल. जगभर लोक सांगतात. मी ती ओळ लिहिली देखील. रंजना माझ्या मागे उभी राहून पाहत होती.

"ताई," ती म्हणाली, "एक पोरगं रडून राह्यलं, आन् आपन दार लावून निघायचं?"

"रंजना, ते पोरगं नसलेल्या सेन्सरसाठी रडतंय."

"नसंन. पन नाई म्हनाच्या आंधी तिथी कोनी पाह्यलं का? आपन इथी बसून नाई म्हनतो."

मी ती ओळ पुसली. आज हे लिहिताना मला सगळ्यात जास्त बरं त्याच गोष्टीचं वाटतं. शेठजी चिडणार होते, बिल्डचा दोष बहुधा आमचाच निघणार होता, आणि तरीही आम्ही दोघींनी न कळलेली लाल ओळ झाकून पुढे जायचं नाही असं ठरवलं.

रंजनानं मिलच्या सुपरवायझरला, गजाननभाऊंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"भाऊ, एक येड्यासारखं इचारते. तुमच्याकडं चार नंबरचा सेन्सर हाये का?"

पलीकडे मशीनचा आवाज होता. मग भाऊ म्हणाले, "हाये ना. तुमाले कोन सांगतलं?"

रंजनानं फोन टेबलावर माझ्याकडे सरकवला.

"मांगच्या शेडमंदी," भाऊ सांगत होते. "तुमी एक जास्तीचा पाठवला होता ना, बिघडला तं बदलाले? इलेक्ट्रिशियननं काल संध्याकाळी लावला थो. त्याच्यावर चार आकडा लिहून. म्हनलं, रिकामा कायले ठेवाचा. तुमाले सांगाचंच राह्यलं."

आमच्या बिल्डच्या मशीनचा त्या मिलशी काहीही संबंध नाही. तार नाही, इंटरनेटवरून जोडणी नाही, काही नाही. मिलमध्ये जो जुना प्रोग्राम चालू होता, त्यालाही तीनच सेन्सर माहीत होते. म्हणजे चौथा तिथे लावलेला असून तो कोणाशीच बोलत नव्हता, आणि मिलमधल्या लोकांना वाटत होतं की मागच्या शेडवर आता नजर आहे.

"भाऊ," मी म्हणाले, "फोन ठेवू नका. त्या शेडमध्ये जा आणि सेन्सर पाहा."

"आता? बाया जेवून राह्यल्या तठी."

"आत्ताच जा."

त्यांची चप्पल ऐकू येत होती. मग बायांचं बोलणं, कोणाचं तरी हसणं. मागच्या शेडमध्ये गेल्या हंगामातल्या उरलेल्या कापसाची गंजी होती, आणि तिथे सावली असते म्हणून कापूस वेचणाऱ्या-भरणाऱ्या बाया तिथेच गंजीला पाठ टेकून जेवायला बसतात, हे मी पाहिलेलं होतं. मग भाऊंचा आवाज आला, एकदम हळू.

"मॅडम, याचा वायर वितळला हाये. खालून... गंजीले टेकला तिथून."

"गंजीवर हात ठेवा."

मग ते आमच्याशी बोललेच नाहीत. त्यांनी बायांना हाका मारायला सुरुवात केली. उठा, डबे राहू द्या, उठा, बाहेर चला.

आम्ही स्कूटीवर निघालो. रंजना चालवत होती. पोचलो तेव्हा बाया लांब गेटजवळ उभ्या होत्या, आणि मिलची माणसं टँकर लावून गंजी ओढून पसरत होती. बाहेरचा कापूस दुधासारखा पांढरा होता. दाताळ्यानं आत खेचला की काळा निघत होता, आणि त्यातून दाट, पिवळट धूर. वारा लागला तिथे लगेच ठिणग्या उठायच्या, आणि वरून पाणी पडायचं. जळक्या कापसाचा तो वास नंतर दोन धुण्यांतही माझ्या ओढणीतून गेला नाही.

एका बाईनं मला विचारलं, "बाई, अजून किती वेळ होता?"

गजाननभाऊ म्हणाले, भिंतीच्या बाजूनं आग बाहेर फुटायला आली होती, आणि फुटली असती तर आधी दाराच्याच बाजूला, म्हणजे बायांची वाटच बंद झाली असती. कोणालाही साधं भाजलं सुद्धा नाही. एकीचा डबा तेवढा चिखलात गेला.

शेठजी आले. त्यांनी त्या काळ्या, भिजलेल्या कापसाची एक मूठ उचलून पाहिली. मग म्हणाले, "मॅडम, तुमाले वणीत बसून कसं दिसलं?"

रंजना म्हणाली, "आमाले नाई दिसलं शेठजी. बिल्ड थांबली. काहून थांबली, थे आमाले मालूम नाई."

संध्याकाळी ऑफिसात आल्यावर आम्ही पहिलं काम काय केलं असेल? माय चालवली. कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नव्हतं. काटा हिरवा, गेट हिरवं, बिल हिरवं, आग हिरवी. मी पुन्हा चालवली, रंजनानं पुन्हा चालवली. लाल ओळ आली नाही, ती आजपर्यंत आलेली नाही. मग आम्ही चौथा सेन्सर रीतसर प्रोग्राममध्ये घेतला, त्याची तपासणी लिहिली, आणि चारही भाग मिलला पाठवले.

मुहूर्त दुसऱ्या दिवशी थोडा उशिरा झाला, पण झाला. पहिली गाडी काट्यावर चढायच्या आधी नारळ फोडतात. दरवर्षी शेठजींच्या घरचं कोणीतरी फोडतं. या वेळी शेठजींनी नारळ उचलला आणि रंजनाच्या हातात दिला. ती म्हणाली, "मी कायले?" ते म्हणाले, "फोडा बेटा." मागच्या शेडमधल्या सगळ्या बाया बघत होत्या. रंजनानं एका दणक्यात फोडला. मी हे घरी सांगितलं तेव्हा माझी याडी — आमच्या गोर बोलीत आई — म्हणाली, "आणि तू कुठं होतीस?" मी म्हणाले, शेजारीच उभी होते. तिनं ते नंतर तांड्यात ज्याला-त्याला सांगितलं, की माझी पोरगी शेजारीच उभी होती.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मला विचारून झालेलं आहे. पुण्यातल्या मित्रांना मी त्या दिवसाचा पूर्ण लॉग, म्हणजे मशीननं ठेवलेली नोंद, पाठवला. एक म्हणाला, जुनी फाइल कुठेतरी राहिली असेल. पण फोल्डर आम्ही पुसला होता. दुसरा म्हणाला, मेमरीतली गडबड, आकडा सहज चार आला. असेल. पण मग दर वेळी चारच का, आणि फक्त मायमधूनच का? तिसऱ्यानं दोन दिवस खपून ती चूक मुद्दाम घडवायचा प्रयत्न केला. त्याला जमलं नाही. त्यानं मला एवढंच लिहिलं, "लॉग खरा आहे. बाकी मला विचारू नकोस."

मी अजूनही भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. कोणी अदृश्य शक्तीनं इशारा दिला असंही मी म्हणणार नाही. तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पुरावा आहे तो एका लाल ओळीचा, आणि त्या ओळीपुढे न गेलेल्या दोघींचा.

मध्यंतरी यवतमाळच्या एका कॉलेजात इंजिनीअरिंगच्या मुलांसमोर बोलायला आम्हाला बोलावलं होतं. विषय हाच — एका पेरेंटमधून अनेक प्रोजेक्टच्या बिल्ड कशा चालवायच्या. मी म्हटलं, बोलेल ती रंजना, जिनं लिहिली ती. हॉल भरलेला होता. ती तिच्या वऱ्हाडीतच बोलली, फळ्यावर चार चौकोन काढून, आणि मुलं ते चौकोन वह्यांत उतरवून घेत होती. शेवटी मागून एका मुलीनं हात वर केला.

"मॅडम, त्या जिनिंगची गोष्ट ऐकली आम्ही. ती बिल्ड त्या दिवशी नेमकी का थांबली?"

रंजनानं हातावरचा खडू झटकला.

"त्याचं उत्तर आमच्यापाशी नाई," ती म्हणाली. "दुसरा प्रश्न इचारा."