बळीराम मिस्त्रीचा बीम

नागपुरात जरीपटक्यामागच्या वस्तीतल्या विहाराची स्लॅब बळीराम मिस्त्रीनं टाकली, तेव्हा अख्खी वस्ती श्रमदानाला उतरली होती. घमेली हातोहात वर चढत होती आणि बळीराम वरून ओरडत होता, "काहून गा, वरातीले आले का? हात चालवा!" मजुरीचं नाव काढलं की डोळे वटारायचा. स्लॅबवर पाणी मारायचं काम तर त्यानं कुणाला म्हणून दिलं नाही. दिवसभर दुसऱ्यांची घरं बांधायची आणि विहारावर पाणी मारूनच घरी यायचं. बायको म्हणायची, "तिथंच अंथरूण टाका तुमचं!" पुढं रविवारच्या वंदनेला तो नेमका मधल्या बीमाखाली बसायचा आणि हळूच एकदा वर बघून घ्यायचा. लोक हसायचे, तोही हसायचा.

मुलगा प्रेमानंद शिकून मास्तर झाला, विहार समितीचा सचिव झाला. वस्तीतल्या पोरांना अभ्यासाला जागा हवी, म्हणून त्यानं त्याच स्लॅबवर वाचनालय बांधलं. भिंती उठल्या, लोखंडी कपाटं आली, पुस्तकांनी ती गच्च भरली. इंजिनिअरला विचारावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बळीराम मिस्त्रीची स्लॅब, तिला काय धाड भरलीय!

काही वर्षांनी मधल्या बीमाला खालून भेगा पडल्या. सभा भरली. समितीतले गोपाळराव म्हणाले, "बळीरामनं माल कच्चा टाकला असंन." उचलली जीभ, लावली टाळ्याला! मागं बसलेल्या बळीरामनं पोराकडं पाहिलं. प्रेमानंदच्या मनात तेव्हाच आलं होतं, हे वरच्या ओझ्याचं काम असेल. पण वाचनालय म्हणजे आयुष्यात मिरवावं असं त्याच्याकडं होतं तेवढं एकच. तो मूग गिळून बसला. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

बळीराम उठून गेला. भांडला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्यानं विहारात येणं सोडलं, मग कामंही सोडली. कुणी घर बांधायला बोलावलं तर म्हणायचा, "नाही जी, आपला हात कच्चा हाये." प्रेमानंद रोज ठरवायचा, आज बोलू. रोज ते उद्यावर जायचं. असं करता करता म्हाताऱ्याची आठवण जायला लागली, आणि एके दिवशी त्यानं पोरालाच विचारलं, "आपण कोण जी?"

बीम मात्र टेकूवर उभा राहिला होता. यंदा वस्तीतलीच पोरगी, अपेक्षा, इंजिनिअर होऊन विहाराच्या कामाला आली. तिनं बीम ठोकून पाहिला, यंत्र फिरवून आतल्या सळ्या तपासल्या. "काका, काँक्रीट दणकट आहे, सळ्याही बरोबर आहेत," ती प्रेमानंदला म्हणाली. "हा बीम नुसत्या छपराचा होता. त्याच्यावर तुम्ही वाचनालय चढवलं."



वरची कपाटं रिकामी झाली. कंबरपट्ट्याएवढी पातळ, काळी कार्बन फायबरची पट्टी आली. ती बीमाला खालून नुसती चिकटवली, तर बीम आणखी वाकेल तेव्हाच कामाला लागते. आधीच ताणून बसवली, तर लगेच ओझं उचलते, असं अपेक्षानं समजावलं. गोंद लावला, एका टोकाला पट्टी पक्की आवळली, दुसऱ्या टोकाला जॅक लावून ताण देत नेला. सगळे माना वर करून बघत होते. भेगा मिटत मिटत केसाएवढ्या राहिल्या आणि टाळ्या पडल्या. गोपाळराव खाली मान घालून म्हणाले, "मिस्त्रीले बलावा गा कोणी."

प्रेमानंद घराकडं धावतच सुटला. बळीराम अंगणात बाजेवर बसला होता. प्रेमानंदनं त्याचे गुडघे धरले.

"बाबा, तुमचा माल पक्का होता! चूक माही होती. मले तवाच समजलं होतं, मी बोललो नाही."

म्हातारा त्याच्याकडं बघत राहिला. 'बीम' हा शब्द तेवढा ओळखीचा वाटेल, म्हणून प्रेमानंद पुन्हा म्हणाला, "विहाराचा बीम, बाबा. मधला."

तसा बळीराम गडबडीनं उभा राहिला. त्यानं हात जोडले.

"हाव जी, सायेब. मायाच हातानं माल कच्चा पडला, सबन दोष माया. पण माया पोराचं वाचनालय तेवढं पाडू नोका."