सरळ टेबलावर आत्या

तळमजल्यावरच्या काकूंनी अख्ख्या बिल्डिंगमध्ये सांगून ठेवलंय की माझी आत्या परदेशात टेबलं पुसते. त्यांची सांगायची पद्धत अशी: आधी इकडेतिकडे बघायचं, मग आवाज इतका खाली आणायचा की तिसऱ्या मजल्यावर नीट ऐकू यावा. "मला काय करायचंय बाई. पण म्हणे हॉटेलात टेबलं पुसते. आणि इथे सांगायचं काय, तर खेळाडू. जाऊ दे, बोलू नये माणसानं." एवढं म्हणून त्या आणखी दहा मिनिटं बोलतात.

तर खरं काय ते सांगते. आत्या टेबलं पुसत नाही. सकाळी टेबलांना कापड बसवते आणि दुपारपासून त्याच टेबलांवर पूल, म्हणजे बिलियर्ड्ससारखा खेळ, खेळते, पोटासाठी खेळते, आणि तिथल्या मोठ्या लीगमध्ये खेळते. तिच्या खेळात नऊ बॉल असतात. क्यूने, म्हणजे लांब काठीने, पांढरा बॉल मारायचा, टेबलावरच्या सगळ्यात लहान नंबरला तो आधी लागला पाहिजे, आणि नऊ नंबर जो टेबलाच्या कडेच्या भोकात, म्हणजे पॉकेटमध्ये, घालेल त्याचा डाव.

कापड आणि खेळ, दोन्ही ती एकाच जागी शिकली. माझे बाबा टेलर. शाळा सुटली की आत्या भावाचा डबा घेऊन दुकानात यायची, आणि दुकानाच्या वरच पूलचा क्लब होता. क्लबचे मालक "काय आहे ना" म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करत नाहीत. एकदा ते खाली आले. "काय आहे ना टेलर, कापड ताणून धरायला कोणी मिळेल का? काय आहे ना, आमच्या पोरांना कापड म्हणजे चादर वाटते." बाबांनी बहिणीला वर पाठवलं. तिनं एक सुरकुती न ठेवता कापड बसवून दिलं. मजुरी काय देऊ म्हटल्यावर म्हणाली, "एक डाव खेळू द्या." मालक अजून सांगतात, "काय आहे ना, तो डाव मी मुद्दाम हरलो." दरवर्षी ते थोडे जास्त मुद्दाम हरतात.

पंधरा वर्षं ती तिथे खेळली. हरवायला कोणी उरलं नाही, तेव्हा गेल्या वर्षी तिशी ओलांडल्यावर गेली. लीगचा नियम साधा. वर्ष संपताना पहिल्या बत्तिसांत नाव असेल तर पुढच्या वर्षीची जागा पक्की, आणि तिथे राहायचा परवाना त्या जागेवर. नाव नसेल तर बॅग भरायची.

पहिले दोन महिने ती नुसती हरली. डोळे मिटून घालावेत असे बॉल बोटभरानं चुकायचे, कधी या अंगाला, कधी त्या. ती कापड बसवते त्या क्लबची मॅनेजरबाई परक्या माणसाशी बोलताना एकेक शब्द ताटात वाढल्यासारखा वेगळा ठेवते. म्हणाली, "डोळे. तपासून. घे." आत्यानं घेतले. डॉक्टरांनी विचारलं तक्रार काय, तर ही म्हणाली, "बॉल जात नाही." डोळे उत्तम निघाले.

मग एका सकाळी तिनं एका टेबलाचं जुनं कापड काढलं. आत गुळगुळीत दगड असतो, टेबलच वाकडं असेल म्हणून त्यावर तिनं गवंड्यांकडे असते ती, उतार दाखवणारी लेव्हल ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध, म्हणजे टेबल सपाट. लेव्हल फिरवून ठेवली, तरी मधोमध. लेव्हल बिघडली म्हणून दुसरी आणली. तीही तेच सांगायला लागली. तेव्हा तिनं बाबांना फोन लावला.

"दादा, आपल्या क्लबचं टेबल वाकडं होतं रे."

"मग? खिडकीकडे उतार आहे त्याला. सगळ्यांना माहितीये."

"मला कुणी का नाही सांगितलं?"

"तू सगळ्यांना हरवत होतीस. तुला काय सांगायचं?" मग बाबा म्हणाले, "मालकांना बोलू नकोस हं. मनाला लावून घेतील."

म्हणजे पंधरा वर्षं तिचा हात उतार धरून मारत होता, आणि जिथे उतार नाही तिथेही धरत होता. डोक्याला कळलं, पण हाताची समजूत कोण घालणार? मग रोज क्लब उघडायच्या आधी एक तास, एक बॉल, एक पॉकेट, सरळ रेषेत दोनशे वेळा. महिनाभरानं मॅनेजरबाईनं खिशातून क्लबची किल्ली काढली. "ही. तू. ठेव."

तिथून ती एकेक पायरी चढली. वर्षाच्या शेवटच्या सामन्याला ती तेहतिसाव्या नंबरवर होती आणि समोरची बत्तिसाव्या. जिंकेल ती राहणार.

त्या सकाळी मी फोनवर तिला म्हटलं, "नऊ नंबर पॉकेटच्या तोंडाशी दिसला की तुझा हात थांबत नाही. आजपण तू घाई करून मारणार बघ."

"नाही मारणार."

"लाव पैज."

"लावली. तू हरलीस तर महिनाभर मला अहो-जाहो करायचं. लहानपणापासून अगं-तुगं चाललंय."

संध्याकाळी आम्ही सगळे दुकानात, शिलाई मशीनला टेकवलेल्या फोनवर सामना बघत. सात डाव आधी जिंकायचे होते, सहा-सहा झाले. शेवटच्या डावात तीन, सहा आणि नऊ उरले. तीनच्या पलीकडे नऊ, नऊच्या पलीकडे पॉकेट. तीनवरून नऊला ढकललं की खेळ खलास, पण जरा चुकलं तर पाळी समोरचीची.

"मार," मी म्हटलं. मालक म्हणाले, "काय आहे ना, मारायलाच पाहिजे." बाबा कात्री उघडझाप करत राहिले.

आत्या वाकली. सरळ झाली. टेबलाला एक चक्कर मारली. मग तिनं तीनला इतकं हलकं शिवलं की तो काठाला टेकून थांबला, आणि पांढरा सहाच्या पाठीमागे जाऊन बसला. समोरचीला तीन दिसेनाच. त्या बाईनं पांढरा काठावर आपटून वळवून मारला, तीनला लागला नाही. फाउल. आता पांढरा आत्याच्या हातात, हवा तिथे ठेवायचा. तिनं ठेवला. तीन. सहा. नऊ.

मालक खुर्चीवर बसले आणि पहिल्यांदाच "काय आहे ना" न म्हणता बोलले, "पोरगी राहिली तिकडे." बाबांनी कात्री खाली ठेवली आणि मला म्हणाले, "फोन लाव."

लावला. पलीकडे खूप गलका होता, आणि ती फोन उचलून वाट बघत होती.

"अहो आत्या," मी म्हटलं, "तुम्ही जिंकलात."

"हं," ती म्हणाली. "आता परत म्हण, मोठ्यानं. इथे सगळे ऐकतायत."