दारातलं ‘पुन्हा या’

मी दवाखान्यात आया. शाळा चौथीपर्यंत झाली. बेडपॅन द्यायला तेवढी पुरते. गेल्या वर्षी मालकांनी आम्हा बायकांना ट्रेनिंग लावलं. शिकवायला आलेली मॅडम आधी हॉटेलात होती. हात कसे जोडायचे, हसायचं किती, सगळं तिनं शिकवलं. शेवटी म्हणाली, “पेशंट घरी निघाला की दारात उभं राहून म्हणायचं, पुन्हा या.”

“दवाखान्यात?” मी विचारलं.

“मावशी, त्यांना पाहुणे समजायचं.”

“पावणा सलाईन लावून घेत न्हाय, मॅडम.”

बायका हसल्या. मॅडम हसली नाही. शनिवारी दारातच परीक्षा, आणि नापास होईल तिला काम नाही, एवढं सांगून ती गेली.

त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागेना. आमच्याकडं निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. दवाखान्यातून निघताना मात्र तोंडातून ‘येतो’ काढत नाही. चपला घालतो आणि मागं न बघता निघतो. भांडी घासताना, बसमध्ये, माझ्या डोक्यात तेच दोन शब्द. सून म्हणाली, “आत्ती, म्हणून टाका की. तोंड झिजतंय व्हय?” काम गेलं तर घरात दिवसभर हिचं तोंड बघत बसायचं. तेही नको होतं.

शनिवारी माझ्या आधीच्या बाईनं मलकापूरच्या एका धिप्पाड गड्याला हात जोडून म्हटलं, “पुन्हा या.”

“तुझ्या घरच्यांस्नी आण की!” तो ओरडला.

ती पास झाली.

मग माझी पाळी. मुरगूडची म्हातारी, माझ्याच वयाची, नवऱ्याला दंडाला धरून निघाली होती. तो दुसऱ्यांदा दाखल होऊन कसाबसा उठला होता. मॅडम माझ्या पाठीशी उभी. मी हात जोडले, शिकवलं तेवढं हसले. म्हातारी थांबून माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

“जावा आता,” मी म्हणाले. “आन् परत हिकडं फिरकू नगा.”

“न्हाय फिरकत, बाई,” असं म्हणून तिनं नवऱ्याला जवळजवळ ओढतच रिक्षात घातलं.

मला काढलं नाही. या कामाला बायका मिळत नाहीत, म्हणून. पण माणसांशी बोलायचं काम नको, म्हणून मागच्या चादरींच्या खोलीत टाकलं. तिथं दिवसभर घड्या घालते. दारातून ‘पुन्हा या’ ऐकू आलं की हातातली घडी वाकडी होते. मोडते, परत घालते.