मधू मापाऱ्याचे दोन ठोके

मधूच्या मयतीला हजार माणूस होतं. बरं, पाचशे… एवढं लिहून मी कान देऊन बसलोय, पण खोलीत काहीच वाजत नाही. मधू असता तर त्यानं कुबडी फरशीवर दोनदा आपटली असती. ठक ठक, म्हणजे अजून अर्धं कर. तर अडीचशे. आमच्या गावाची वस्ती पाहता तेही थोडं नाही.

बातमी आली तेव्हा मी समुद्रपूरच्या स्टँडवर, चहाच्या टपरीपुढं वाघाची गोष्ट सांगत होतो. माझ्या तोंडी हा वाघ दरसाल हातभर वाढतो. गावचा दूधवाला मोटारसायकल थांबवून म्हणाला, "बबनभाऊ, मधूभाऊ गेले. दुपारी, काट्यापाशी बसल्या बसल्याच." मी वाघ तिथंच सोडला. पाच आठवडे झाले, तो अजून टपरीपुढंच उभा असेल.

मधू मापारी होता. बाजार समितीत कापूस मोजायचा. शेतकरी आणि व्यापारी एरवी एकमेकांच्या सावलीवरही विश्वास ठेवत नसत, पण मधूनं आकडा पुकारला की दोघंही गप. काट्याची थरथर थांबेपर्यंत हा श्वास रोखून उभा राही, तेव्हा बैलसुद्धा शेपटी हलवत नसत. असा हा मधू, आणि त्याचा जिवाभावाचा दोस्त मी, ज्याच्या तोंडात किलोचा क्विंटल होतो! लहानपणापासून आमची एकच सायकल. पायडल तो मारायचा, तोंड मी चालवायचो, मागं कॅरिअरवर बसून.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. हिवाळ्यातली संध्याकाळ, उन्हं कलायची होती, दोन्ही बाजूंना तूर उभी. आम्ही बाजारातून घरी येत होतो आणि मी गोष्ट सांगत होतो. मागून एक सरकारी जीप आली. कोणत्या खात्याची ते लिहीत नाही, खातं मोठं आहे आणि मी लहान. मी उडालो तो थेट तुरीत. मला खरचटलंसुद्धा नाही. माझ्या आयुष्यातली ही एक गोष्ट खोटी निघाली असती तर फार बरं झालं असतं. मधूचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

मापाऱ्याला दिवसभर काट्याशी उभं राहावं लागतं. मधूचं काम गेलं. पण त्याला लागलं ते वेगळंच. जीपच्या ड्रायव्हरनं लिहून दिलं होतं की सायकलवाला हेलकावे खात रस्त्याच्या मधोमध आला. मधू दवाखान्यातल्या खाटेवरून मला म्हणाला, "मी जलमात काटा हलू देला नाई, सायकल हलू दीन काय? पैशाचं मंग पाहू. पयले हे खोडलं पाह्यजे, बबन्या."

वर्ध्याच्या कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लागला. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार एकच, मी! आदल्या दिवशी मधूनं बजावलं होतं, "जे दिसलं थेच सांगजो." पण समोर न्यायाधीश, काळ्या कोटातली माणसं, बाकावर पन्नास-साठ लोक कान टवकारून बसलेले… इतकं चांगलं गिऱ्हाईक मला जन्मात मिळालं नव्हतं.

"जीप किती वेगात होती?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"इमानावानी, साहेब."

"आकडा सांगा."

"सव्वाशे!"

"तुम्ही किती लांब फेकले गेलात?"

"पन्नास फूट. एक बाभूळ वलांडून."

"आणि इजा?"

"काईच नाई, साहेब."

वकिलांनी शांतपणे जीपचे कागद पुढं केले. ती जीप इतकी म्हातारी होती की उतारावरही साठच्या पुढं गेली नसती. सगळं कोर्ट हसलं. मीही हसलो, सवयीनं. मग माझं लक्ष मधूकडं गेलं. तो काट्याकडं बघावं तसा माझ्याकडं बघत होता, थरथर कधी थांबते याची वाट पाहत.

दावा फेटाळला गेला. निकालात लिहिलं होतं, साक्षीदार विश्वास ठेवण्याजोगा नाही. परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "मधू, मले जोड्यानं मार. सात जलम तुह्या घरी पानी भरीन." त्यानं पायाशी धरलेली कुबडी उचलली. मी गाल पुढं केला. पण त्यानं ती बसच्या पत्र्यावर दोनदा आपटली. "अर्धं कर. साडेतीन जलम पुरे." आणि हसायला लागला. तो हसला म्हणून मी रडलो. एरवी रडलो नसतो.

अपील नागपूरला गेलं. सहा-सात वर्षांनी तिथून हुकूम आला, पुन्हा साक्षी घ्या. तोवर मधूचं घर शांतावहिनींच्या शिलाई मशीनवर चाललं होतं आणि गावातले काही जण त्याला "खोट्या केसवाला" म्हणायला लागले होते. माझ्या जिभेनं केलेलं हे काम.

दुसऱ्यांदा पिंजऱ्यात उभा राहिलो. वकिलांनी पुन्हा वेग विचारला. "माईत नाई, साहेब. मी मागं पाहतच नव्हतो. गोष्ट सांगत होतो."

"मग पाहिलं काय?"

"उठलो तवा चाकाच्या खुणा पाह्यल्या. जीपची चाकं डांबर सोडून कडंच्या मुरमावर उतरली होती. सायकल तिथंच पडली होती, मुरमावर."

"किती फूट लांब पडलात तुम्ही?"

"पाच असंन. बाभूळ नव्हती, साहेब."

या वेळी कोणी हसलं नाही. मुरमावरच्या खुणा पंचनाम्यात पहिल्यापासून होत्या, एका ओळीत. माझ्या विमानानं उडवलेल्या धुराळ्यात ती ओळ कोणी वाचलीच नव्हती.

भरपाई मिळाली. मधूनं त्यातून बसून मोजता येईल असा बुटका काटा घेतला आणि घराच्या ओसरीत मांडला. गावची तूर, सोयाबीन त्याच्याकडं यायला लागली. काट्याच्या वर निकालाचं एक पान काच लावून टांगलं, त्यात एक ओळ लाल शाईनं अधोरेखित: सायकल रस्त्याच्या कडेला होती. त्या ओसरीत मी रोज संध्याकाळी गोष्टी सांगायचो आणि त्याच्या दोन ठोक्यांनी त्या अर्ध्या व्हायच्या. तो अर्धं करणार हे ठाऊक म्हणून मी दुप्पट सांगायचो. दोघांचं मिळून बरोबर वजन भरायचं.

तेरवीनंतर शांतावहिनींनी कुबडी माझ्या हातात दिली. "भाऊजी, तुमच्यासाठीच वाजे थे. तुम्हीच ठेवा." आता ती माझ्या दाराशी टेकून उभी असते.

परवा पारावर नव्या पोरांनी विचारलं, मधूकाकांचा पाय कशानं गेला. मी सुरू झालो. जीप सव्वाशेनं आली, मी बाभळीवरून उडालो… आणि सवयीनं थांबलो, ठोक्यांसाठी जागा सोडून. पोरं माना डोलवत होती. सगळ्यांनी सगळं खरं मानलं. एवढं एकटं मला मयतीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"साठ," मी म्हणालो. "साठच्या वर नव्हती. आणि सायकल कडेलाच होती."