मनगटावरची गाठ

माझा धाकटा भाऊ सुतार आहे, आणि हट्टीपणात त्याचा हात धरणारा मला अजून भेटलेला नाही. चार वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा माझी एक त्याला बसवली. तेव्हापासून तो ती माझीच समजतो. मीही चेष्टेत म्हणायचे, माझी वस्तू नीट वापर रे. तो हसायचा नाही. पाणी मोजून प्यायचा, गोळ्या घड्याळ लावून घ्यायचा. शरीराने परक्या किडनीवर तुटून पडू नये म्हणून त्या गोळ्या प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात. मग तुमच्याआमच्या वाटेला न जाणारी बुरशीसुद्धा अशा माणसाच्या अंगात घर करू शकते.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, कुजकं लाकूड हाताळायचं नाही. पण हा पठ्ठ्या कोणाचं ऐकतोय! कोणीतरी ओलीने काळी पडलेली खिडकीची चौकट दुरुस्तीला आणली. लाकूड जुनं आणि भारी, याला मोह आवरला नाही. चौकट उकलताना मनगटात कुसळ गेलं. त्याने ते चिमट्याने उपसलं आणि विसरून गेला. दोन महिन्यांनी तिथे वाटाण्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून स्वारी बाही खाली ओढून हिंडत राहिली. शेवटी भावजयीने ती पाहिली आणि मला फोन केला. दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा चालूच होता.

गाठ कापली तर आत काळपट पू निघाला. तपासणीत कळलं, लाकडावर आणि मातीत वाढणारी काळी बुरशी. माणसात क्वचितच सापडते, पण मेंदूत पोचली तर हातचा माणूस जातो. बुरशीच्या गोळ्या आता कित्येक महिने घ्यायच्या होत्या. त्यांच्यामुळे किडनीच्या जुन्या गोळ्या रक्तात साचत जातात, म्हणून त्या तीन-तीनऐवजी सकाळ-संध्याकाळ एक-एकच घ्यायच्या, आणि दर आठवड्याला रक्त तपासायचं. डॉक्टरीणबाईंनी हे दोनदा समजावलं. भाऊ मान डोलवत होता. मान डोलावली म्हणजे पटलं, असं मी धरून चालले. चाळीस वर्षं त्याला ओळखत असून!

पहिल्या आठवड्याची तपासणी त्याने कामाच्या सबबीवर टाळली. दहाव्या दिवशी मी त्याच्या दुकानात गेले. तो फळीवर गुण्या टेकवून पेन्सिलीने रेघ मारत होता, आणि पेन्सिल थरथरत होती. डोळे मिटून सरळ रेघ मारणारा माणूस तो. मला पाहताच त्याने फळी उलटी केली. म्हणे झोप झाली नाही. मी भावजयीकडून किडनीच्या गोळ्या मागवल्या. रोज दोनच्या हिशेबाने महिनाभराचा साठा होता, आणि शेवटच्या पाकिटात चारच गोळ्या उरल्या होत्या.

"तीन-तीनच घेतोयस?" मी विचारलं.

"कमी करून किडनी गेली असती तर? तू पोट फाडून दिलीस ती, ताई."

माझं डोकंच फिरलं. त्याला तसाच, भुशाच्या कपड्यांत, दवाखान्यात नेला. रक्तात ते औषध हवं त्याच्या चौपट झालं होतं, आणि ज्या किडनीसाठी हा आटापिटा केला तिलाच ते पोळत होतं. डॉक्टरीणबाईंनी त्या गोळ्या काही दिवस पूर्ण थांबवल्या. फार दिवस थांबवल्या तर शरीर किडनीवर उठणार. बुरशीचं औषध थांबवलं तर बुरशी उठणार. शिवाय हाताचा कंप नुसता औषधाचा की बुरशी मेंदूत गेल्याचा, हे स्कॅन केल्याशिवाय कळणार नव्हतं. भावजय हे ऐकून खाली बसली.

पुढचे चार दिवस मी त्याच्या उशाशी बसून त्याला वाट्टेल ते बोलले. घाबरले की माझी जीभ जास्तच चालते. किडनी गेली खड्ड्यात, म्हटलं, मला भाऊ हवाय. तुला बायको आहे, मुलगी आहे, जरा त्यांच्याकडे बघ. तो भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिला. मी बोलत होते ते अगदी मनापासून, निदान मला तसंच वाटत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई हातात दोन कागद घेऊन आल्या. एक मेंदूच्या स्कॅनचा, एक रक्ताचा. त्या चष्मा लावत होत्या, तेवढाही धीर मला धरवला नाही.

"किडनी राहिली ना?" मी विचारलं.

राहिली, त्या म्हणाल्या. थोडा मार बसला आहे, पण सुधारते आहे. मी सुटकेचा श्वास टाकला. मग मागून भावजयीचा आवाज आला, जेमतेम ऐकू येईल असा.

"आणि डोक्याचं?"

डोकं स्वच्छ होतं. बुरशी तिथवर गेली नव्हती. भावजय पदराने तोंड दाबून रडायला लागली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊ माझ्याकडेच बघत होता. रागाने नाही, अगदी मायेने.

"बघा ना डॉक्टर," तो म्हणाला, "म्हणून मी कमी करत नव्हतो."