गादीतली चिठ्ठी

माझी पहिली कथा तेलगिरणीवर होती. ती छापून आल्यावर दोंडाईच्याहून एका वाचकाचा फोन आला. "गिरणी तुम्ही रस्त्यावरूनच पाहिलेली दिसते," एवढंच ते म्हणाले. खरंच होतं ते. नोकरीत मी धरणाच्या पाण्याच्या नोंदी ठेवतो. तिथं एक आकडा चुकला तरी मला चैन पडत नाही, आणि कथेत मी अख्खी गिरणी अंदाजानं चालवली होती.

दुसऱ्या कथेतली बाई एक जुनं पत्र गादीच्या कापसात लपवते आणि ते बावीस वर्षं तिथंच राहतं. सगळी कथा एवढ्यावर उभी होती. दिवाळी अंकाकडे ती पाठवायला तीन आठवडे उरले होते. या वेळी आधी विचारायचं ठरवलं आणि जळगावहून अमळनेरला गेलो, जन्मभर गाद्या भरत आलेल्या एका पिंजारी चाचांकडे.

चाचांनी कथा ऐकली आणि मान हलवली. "हाई बठ्ठं खोटं शे, भाऊ."

"सगळंच खोटं? का?"

"गादी दोन-तीन वर्षांनी पिंजायला येतेच. बावीस वर्षांत किती वेळा झाली?"

"कमीत कमी सात."

"सातही वेळा आम्ही कापूस आधी हातानं मोकळा करणार. नाणं नाहीतर पिन मशीनमध्ये गेली तर दाते तुटतात. मग चिठ्ठी सुटेल होय आमच्या हातातून?"

कथा तिथंच आडवी झाली. पण नुसत्या शब्दावर नोंद करायची मला सवय नाही. घरी येऊन मी आमच्या एका गादीचा कोपरा उसवला, कोऱ्या कागदाची घडी दोऱ्यानं बांधून आत सारली आणि कोपरा पुन्हा शिवला.

बायको बघत होती. "अहो, आधी गिरणी बुडवलीत, आता घरातल्या गाद्या का?"

रविवारी गादी घेऊन पॅसेंजरनं पुन्हा अमळनेर गाठलं. चिठ्ठीबद्दल चाचांना काही बोललो नाही. त्यांनी खोळ उसवली, कापूस मोकळा करायला घेतला. मी घड्याळ लावून बसलो. अकराव्या मिनिटाला त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मूठ मिटली आणि ती हळूच मांडीखाली नेली.

कापूस पिंजून झाला, खोळीत भरला. शेवटी तीच मूठ त्याच कोपऱ्यात गेली आणि रिकामी बाहेर आली. वर टाके पडू लागले.

मला राहवेना. "चाचा, आत काय ठेवलंत?"

"काही नाही."

"चिठ्ठी होती. मीच ठेवली होती, तुम्हाला सापडते का पाहायला."

चाचांनी दाभण खाली ठेवलं आणि पोट धरून हसले. "अरे भाऊ! मला वाटलं, वहिनींनी तुमच्यापासून लपवलेली! म्हणून तर तुमच्यासमोर काढली नाही."

"दर वेळी असंच करता?"

"सुटं काही सापडलं तर परत देतो. बांधून ठेवलेलं असेल तर कोणीतरी जपलेलं असतं. ते जिथलं तिथं. उघडायचं नाही, विचारायचं नाही."

परतीच्या गाडीत गादीवरच बसून मी कथा नव्यानं लिहायला घेतली. पत्र बावीस वर्षं राहू शकत होतं. फक्त ते कोणाला सापडलं नाही म्हणून नव्हे, तर एका माणसाला सातही वेळा सापडलं आणि सातही वेळा त्यानं ते परत ठेवलं म्हणून. नुसत्या अंदाजानं हा माणूस मला कधीच सुचला नसता. आता कथा त्याचीच झाली होती.

मुदतीच्या चार दिवस आधी ती पाठवली. अंक निघाला आणि आठवड्याभरात दोंडाईच्याहून फोन आला. आवाज ओळखून मी खुर्चीत सरळ बसलो.

"कथेत एकही चूक सापडली नाही," ते म्हणाले. "दोनदा वाचली."

मी आभार मानले.

"ते राहू द्या. हा पिंजारी कुठं बसतो, ते सांगा. आमच्याकडे चार गाद्या आहेत."

कथा काल्पनिक आहे, असं मी त्यांना बजावून सांगितलं. मग अमळनेरचा पत्ता दिला.