मेश्रामबाईंचा कॅन

मेश्रामबाई दारात चपला काढायच्या आधीच विचारायच्या, "सकाळची पहिली सोडली? मग मधली एकही सांडली नाही ना?" आवाज असा, की कर्वेनगरातल्या आमच्या घरची सून चोवीस तासांची लघवी साठवते हे तिन्ही मजल्यांना कळावं. मग त्या पाच लिटरचा तो प्लॅस्टिकचा कॅन उजेडाकडे धरून बघायच्या, टोपण आवळायच्या आणि लुनावर पायांपाशी ठेवून आपल्या लॅबमध्ये तपासायला घेऊन जायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

नव्वदीची सुरुवात होती. नवरा कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी सहा महिने अमेरिकेत. घरात मी, सासूबाई आणि पलंग. कॉम्प्युटरची चांगली नोकरी सोडून मी डाव्या कुशीवर पडून होते, कारण पोटातलं बाळ हवं तसं वाढत नव्हतं. माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यातच झालं आणि दोनच दिवस जगलं. त्यामुळे या खेपेला डॉक्टरांनी उठायचीच बंदी केली होती. खिडकीच्या गजांतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. तिच्यावर बसणारे कावळे मी ओळखू लागले होते.

मेश्रामबाई मूळच्या नागपूरच्या. पुण्यात वीस वर्षं काढूनही तिकडची बोली त्यांनी सोडली नव्हती. सासूबाईंनी एकदा त्यांना विचारलं, "खाते-पिते सगळं, तरी बाळ बारीक का?"

"काकू, ते खाणं पोचवायला मध्ये वार आहे ना. अन् वार नुसती पोचवत नाही, हार्मोन्स बनवते. एक हार्मोन आईच्या शरीराला बजावतं, साखर सगळी तूच नको घेऊ, लेकराला राहू दे. दुसरं एक आहे, त्याचा कच्चा माल बाळ पाठवतं, पक्का माल वार करते, अन् तो ताईंच्या लघवीतून बाहेर येतो. दोघांतलं एक जरी थकलं, की आकडा उतरतो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही बाळाची चिठ्ठी आहे, ताई. चिठ्ठी फाडायची नाही."

सासूबाईंना विषय पटला, कॅन पटला नाही.

सातवा सरताना त्यांनी डोहाळजेवण ठरवलं. कॅन भरायचा दिवसही नेमका तोच निघाला. मला हिरवी साडी नेसवली, फुलांचे दागिने घातले आणि तासभर म्हणत पाच तास खुर्चीत बसवलं. कॅन सासूबाईंनी बाल्कनीत, जुन्या गादीमागे लपवला. बाथरूमबाहेर बायकांची रांग, बाल्कनीत गप्पांचा अड्डा. त्या पाच तासांत मी तीनदा गेले आणि तिन्ही वेळा सोडून दिली. दुसऱ्या दिवशी मेश्रामबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. मी म्हणाले, "नाही, सगळी आहे."

पुढच्या दुपारी डॉक्टरांचा फोन आला. आकडा एकदम खाली गेला होता. वार काम सोडतेय असं दिसतं, उद्या सकाळी भरती व्हा, बाळ बाहेर काढावं लागेल. एवढं लहान बाळ जगेल का, यावर ते काही बोलले नाहीत. सासूबाई रडत रडत बॅग भरू लागल्या.

खरं सांगावं तर सासूबाईंच्या हौसेवर खापर फुटणार. आणि तीन वेळांनी एवढा फरक पडत नसेल, बाळ खरंच थकलं असेल, तर माझ्या सांगण्यानं डॉक्टर थांबतील आणि ते आतच जायचं. बोलले तरी जीव जाणार, न बोलले तरी जाणार. मी कुशीवर पडून टाकीकडे बघत राहिले.

संध्याकाळी न बोलावता मेश्रामबाई आल्या. हातात रिकामा कॅन. दारात काही विचारलं नाही. "काकू, चहा टाकता का थोडा?" म्हणून त्यांनी सासूबाईंना स्वयंपाकघरात धाडलं आणि पलंगाशी बसल्या.

"त्या कॅनमध्ये मी आणखी एक गोष्ट मोजते, ताई. ती वारेची नाही, तुमच्या स्नायूंची. सण असो की सुतक, रोज जवळपास तेवढीच येते. काल तीही त्याच प्रमाणात खाली. लेकरू थकलं म्हणून आईचे स्नायू आटत नाहीत." मग हळूच म्हणाल्या, "किती वेळा?"

मी तीन बोटं दाखवली. मग मला रडू आलं.

"डॉक्टरांना तुम्हीच सांगा ना," मी म्हणाले.

"आकडे मी सकाळीच सांगितले. ते म्हणाले, पेशंट म्हणते सगळी आहे. आता जे खोटं बोललं त्यानंच खरं बोलावं. काहून घाबरून राहिल्या?"

पलंगापासून फोन आठ पावलांवर होता. डॉक्टरांना मी तीन वेळा सोडल्याचं सांगितलं, कॅन कुठे होता तेही. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. डॉक्टरांनी कॅन पुन्हा भरायला एक दिवस दिला. मी फोन ठेवला. सासूबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला, मेश्रामबाईंच्या हातातला कॅन घेतला आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारी, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. "इथेच राहील," त्या म्हणाल्या. "येऊ दे कोण यायचंय ते."

ते चोवीस तास मी कसे काढले, ते मलाच माहीत. आकडा चढला. लेक पाच आठवड्यांनी झाली, बारीकच, पण रडून दवाखाना डोक्यावर घेणारी. मेश्रामबाईंनी भेटायला आल्यावर आधी विचारलं, "वार किती भरली?"

पुढे रंगीत सोनोग्राफी आली, वारेतला रक्तप्रवाह पडद्यावर दिसू लागला आणि कॅन कोणी मागेना. मेश्रामबाई निवृत्त होऊन नागपूरला निघाल्या, तेव्हा निरोप घ्यायला घरी आल्या. लेक सहा वर्षांची होती. तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "तुझी पहिली चिठ्ठी मी वाचली, बाप्पा. तुझ्या आईनं जराशी फाडली होती."

लेकीनं माझ्याकडे वळून विचारलं, "का फाडलीस?"

सासूबाई खाली मान घालून बसल्या होत्या.

"पाहुणे आले होते," मेश्रामबाई म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या.